व्हीएम तीच, सर्व्हर तोच, तरी दूधबिल कधी ४० मिनिटांत तर कधी सव्वा तासात. न्यूमाचा प्रश्न आहे का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका दूध संघाचं सर्व्हरचं काम माझ्याकडे आहे. दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. फॅट, एसएनएफ, दर, पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्सची कपात हे सगळं जुळवून शेवटी बँकेला द्यायची फाइल तयार होते. प्रोसेस पहाटे सव्वाचारला लागते. साडेपाचला गावोगावच्या केंद्रांवर सकाळचं संकलन सुरू होतं, त्याआधी बिल आवरलं नाही तर दोन्हीकडून त्याच टेबलांवर लॉक लागतात आणि केंद्रावर कॅन घेऊन आलेली माणसं ताटकळतात.

सर्व्हर दोन सॉकेटचा झिऑन आहे. प्रत्येक सॉकेटला १६ कोअर, हायपरथ्रेडिंग चालू, म्हणजे एकूण ६४ लॉजिकल सीपीयू. रॅम २५६ जीबी. वर लिनक्स आणि केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी यंत्रं) चालवायची लिनक्समधली सोय. डेटाबेसची व्हीएम १२ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि ८० जीबीची. बाकीच्या सात-आठ लहान व्हीएम मिळून ९६ जीबी.

कधी बिल ४० मिनिटांत होतं, कधी ७५ मिनिटांत. डेटा तेवढाच, क्वेऱ्या त्याच. डिस्क बघितली, ती मोकळीच असते. सीपीयू मात्र संथ दिवशीही भरलेला दिसतो. आणखी एक लक्षात आलंय: एकदा संथ झाली की आठवडे-दोन आठवडे संथच राहते. व्हीएमच्या आतून रीबूट केलं तरी फरक पडत नाही.

कुणीतरी सांगितलं म्हणून व्हीसीपीयू पिन केले (ठरावीक सीपीयूंना बांधले), ० ते ११ हे होस्टच्या, म्हणजे खुद्द सर्व्हरच्या, ० ते ११ वर. काहीच बदललं नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

---

कर्नलकाका

आतून रीबूट करूनही फरक पडत नाही, हे तुम्ही बघून ठेवलंत ते फार कामाचं आहे. त्यावरूनच संशय मेमरीच्या जागेवर जातो.

तुमच्या सर्व्हरमध्ये रॅम एक नाही, दोन आहेत असं धरून चला. पहिल्या सॉकेटला जोडलेली १२८ आणि दुसऱ्याला जोडलेली १२८. पहिल्या सॉकेटवरच्या कोअरला दुसऱ्याची रॅम वाचायची तर मधल्या लिंकवरून जावं लागतं. एएमडीने २००३ साली ऑप्टेरॉनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आणला, इंटेलने २००९ च्या झिऑन ५५०० मालिकेत. तेव्हापासून दोन सॉकेटचा प्रत्येक सर्व्हर असाच आहे. या रचनेलाच न्यूमा म्हणतात, आणि एक सॉकेट व त्याची रॅम मिळून एक नोड.

लिनक्सचा साधा नियम असा: प्रोग्रामने मेमरी मागितली तेव्हा काहीच मिळत नाही, नुसता पत्ता मिळतो. मेमरीच्या त्या पानाला (लहान तुकड्याला) पहिल्यांदा हात लागतो तेव्हा, हात लावणारा थ्रेड ज्या नोडवर असेल तिथली रॅम दिली जाते. तिथे मोकळी नसेल तर शेजारच्या नोडवरची. आणि एकदा मिळालेलं पान सहसा तिथेच राहतं.

व्हीएमची सगळी रॅम म्हणजे होस्टच्या दृष्टीने क्यूइमू नावाच्या एका प्रोसेसची मेमरी. आतून रीबूट केलं तरी होस्टवरची ती प्रोसेस मरत नाही, पानं जिथल्या तिथे राहतात. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली तरच नव्याने वाटप होतं.

दोन कमांडचं आउटपुट टाका: न्यूमाकंट्रोलचं हार्डवेअरचं, आणि न्यूमास्टॅटला क्यूइमूचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) देऊन जे येईल ते. आणि व्हीएम शेवटची पूर्ण बंद कधी केली होती, का केली होती, तेही सांगा.

---

रात्रपाळी

काका, धन्यवाद. न्यूमास्टॅटची बेरीज अशी:

नोड ० : २१,३४० एमबी
नोड १ : ६०,८६५ एमबी

न्यूमाकंट्रोलमध्ये नोड ० चे सीपीयू ०, २, ४, ६… असे आलेत आणि नोड १ चे १, ३, ५, ७… अंतराच्या तक्त्यात १० आणि २१ आहे.

व्हीएम महिन्यातून एकदा पूर्ण बंद करतो. तिची ४०० जीबीची इमेज होस्टवरून साध्या सीपी कमांडने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो, कॉपी झाली की सुरू करतो. आत्ता आठवून बघितलं तर संथपणा बहुतेक त्या कॉपीनंतरच येतो. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

---

पुणेरी_केव्हीएम

तुमचं पिनिंग का लागू पडलं नाही ते त्या दुसऱ्या ओळीतच आहे. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये सम नंबरचे सीपीयू एका सॉकेटवर आणि विषम दुसऱ्यावर असतात, तर काहींमध्ये आधी पहिल्या सॉकेटचे सगळे आणि मग दुसऱ्याचे. तुम्ही ० ते ११ दिलेत, म्हणजे सहा व्हीसीपीयू या सॉकेटवर आणि सहा पलीकडे खिळे ठोकून बसवलेत.

नंबर बघून अंदाज बांधू नका. एलएसटोपो किंवा एलएससीपीयू (सीपीयूंची रचना दाखवणाऱ्या कमांड) चालवा, कागदावर दोन चौकोन काढून नंबर लिहा आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. मी हे प्रत्येक साइटवर करतो.

---

रात्रपाळी

कागद केला. मग चालू व्हीएमवरच व्हर्शने (व्हीएम हाताळायच्या कमांडने) व्हीसीपीयू पुन्हा पिन केले, या वेळी ४, ६, ८ पासून २६ पर्यंत. सगळे नोड ० वर. खूप आशेने बसलो होतो.

आज पहाटे बिल ८२ मिनिटांनी झालं. आजवरचं सगळ्यात संथ. संकलन सुरू झाल्यावरही सात मिनिटं चालूच होतं. तीन केंद्रांवरून फोन आले.

---

कर्नलकाका

वाईट वाटलं वाचून. पण असंच होणार होतं, आणि मी आधीच सावध करायला हवं होतं. तुमच्या ८० जीबीपैकी जवळपास ६० जीबी नोड १ वर पडलेली आहे. आधी व्हीसीपीयू दोन्हीकडे सहा-सहा होते, म्हणजे पलीकडच्या सहांना तरी बहुतेक वेळा जवळची मेमरी मिळत होती. आता बाराच्या बारा नोड ० वर बांधलेत, तेव्हा चारपैकी तीन वेळा लिंक ओलांडून जावं लागतंय. नुसता सीपीयू पिन करणं हा अर्धा उपाय आहे, आणि हा अर्धा कधीकधी काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरतो.

तक्त्यातले १० आणि २१ हे फर्मवेअरने लिहिलेले आकडे आहेत. त्यांचा अर्थ दुप्पट वेळ असा घेऊ नका. खरा फरक मोजायचा तर इंटेलचं मेमरी लेटन्सी चेकर चालवून बघा. तुमच्यासारख्या मशिनवर जवळची मेमरी साधारण ८०-९० नॅनोसेकंदांत आणि दूरची १३०-१४० च्या आसपास येते. डेटाबेसचं काम म्हणजे इंडेक्सच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारणं, त्यामुळे हा फरक दर उडीला मोजावा लागतो. वर दिसताना सीपीयू भरलेला दिसतो, कारण मेमरीची वाट बघणारा कोअर कर्नलच्या हिशेबात कामातच असतो. तुम्ही इतके दिवस डिस्कच्या मागे राहिलात याचं कारण हेच.

तुम्ही विचाराल की कर्नल स्वतः पानं हलवत नाही का? हलवतो. ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, स्वयंचलित न्यूमा बॅलन्सिंग आहे. ते थोड्या थोड्या पानांची नोंद तात्पुरती अवैध करून ठेवतं, त्यांना हात लागला की फॉल्ट येतो, म्हणजे काम थांबून कर्नलकडे येतं, आणि कोण कुठून हात लावतंय ते कळतं. त्याच नोडवरून पुन्हा हात लागलेला दिसला तरच पान हलवतं. पण त्या नोडवर जागा कमी असेल तर हलवतच नाही. तुमच्याकडे इमेजची कॉपी चालली तेव्हा व्हीएमने सोडलेले ८० जीबी होस्टच्या पेज कॅशने (फाइल वाचता-लिहिताना रॅममध्ये ठेवलेल्या प्रतींनी) भरून टाकले. व्हीएम परत आली तेव्हा जिथे जागा सापडली तिथे बसली. शिवाय ज्या डेटाला दहा दिवसांतून एकदाच हात लागतो, त्याची सवय बॅलन्सिंगला लागेपर्यंत तुमचं बिल संपलेलं असतं.

आजच्या आज करायचं असेल तर मायग्रेटपेजेस ही कमांड आहे, न्यूमाकंट्रोलच्याच पॅकेजमध्ये येते. पीआयडी, कुठून, कुठे एवढं द्यायचं. चालू व्हीएमची पानं सरकतात. आधी होस्टची पेज कॅश रिकामी करा. दुपारी करा, पहाटे नको, कारण सरकताना व्हीएम अडखळते. पीसीआय कार्ड थेट व्हीएमला दिलेलं असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण त्या व्हीएमची पानं जागेवर कुलूपबंद असतात.

---

ईएसएक्सवाली

मी व्हीएमवेअरच्या बाजूची, पण हाच आजार वेगळ्या रूपात बघितलाय म्हणून लिहिते.

तिकडे ईएसएक्सआय (आपल्या केव्हीएमच्या जागी असतो तो) प्रत्येक व्हीएमला एक होम नोड देतो आणि सीपीयू-मेमरी दोन्ही तिथे ठेवायचा प्रयत्न स्वतःच करतो. त्यामुळे तिकडे हाताने ॲफिनिटी (तिकडचं पिनिंग) देऊ नका, त्याने त्याचाच हिशेब मोडतो. ईएसएक्सटॉपमध्ये मेमरीच्या पानावर न्यूमाचे कॉलम चालू केले की एन-टक्के-एल दिसतो, म्हणजे व्हीएमची किती टक्के मेमरी तिच्या घरच्या नोडवर आहे. तो सतत ८० च्या खाली असेल तर चौकशी करावी.

माझ्याकडे २४ व्हीसीपीयूची एक व्हीएम होती, एका नोडमध्ये न मावणारी. अशा व्हीएमला आतूनही दोन नोड दिसले पाहिजेत, म्हणजे आतला डेटाबेस आपली मेमरी नीट वाटून घेतो. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ५ पासून आठपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिले की हा व्हीन्यूमा आपोआप मिळतो. पण माझ्या व्हीएममध्ये आतून एकच नोड दिसत होता. चार दिवस डोकं फोडलं. शेवटी सापडलं की कुणीतरी "पुढे लागलं तर" म्हणून सीपीयू हॉट-ॲडची (चालू व्हीएमला सीपीयू वाढवायच्या सोयीची) खूण करून ठेवली होती. आमच्या त्या आवृत्तीत ती असली की व्हीन्यूमा बंद व्हायचा. खूण काढली, व्हीएम बंद करून सुरू केली, आत दोन नोड आले.

रात्रपाळी, तुमची ८० जीबी आणि १२ व्हीसीपीयू एका नोडमध्ये आरामात मावतात. तुम्हाला आत नोड दाखवायच्या भानगडीत पडायची गरज नाही. पूर्ण व्हीएम एका बाजूला ठेवा.

---

रात्रपाळी

ताई, काका, दोघांचेही आभार. मायग्रेटपेजेस काल दुपारी केलं. आज बिल नव्हतं, पण महिन्याचा रिपोर्ट एरवीपेक्षा बराच लवकर आला. म्हणून धीर आला आणि कायमचं करायला घेतलं. लिबव्हर्टच्या फाइलमध्ये (व्हीएमची सेटिंग असतात ती) न्यूमाट्यून, म्हणजे मेमरी कोणत्या नोडवरून घ्यायची ते टाकलं, मोड स्ट्रिक्ट, नोड ०. व्हीएम बंद करून सुरू केली.

दोन तासांत होस्ट स्वॅप करायला (रॅममधली पानं डिस्कवर टाकायला) लागला! फ्री कमांड ७० जीबीच्या वर मोकळी दाखवते आणि तरी स्वॅप वाढतोय. स्ट्रिक्ट काढून टाकू का?

---

पुणेरी_केव्हीएम

काढू नका. फ्री जी मोकळी जागा दाखवतं ती दोन्ही नोडची मिळून. तुमची ७० जीबी बहुतेक सगळी नोड १ वर आहे. स्ट्रिक्टचा अर्थच असा की या व्हीएमने नोड ० सोडून कुठेही जायचं नाही. मग नोड ० भरला की कर्नल तिथलीच पानं स्वॅपमध्ये ढकलतो, शेजारी कितीही मोकळी असो. न्यूमास्टॅट मेमइन्फोच्या पर्यायाने चालवा, नोडनिहाय आकडे येतील.

तुमच्या बाकीच्या व्हीएम मोकळ्या सोडल्यात. त्यांतल्या अर्ध्याहून अधिक नोड ० वर बसलेल्या असणार. ८० अधिक त्यांचे ५०-५५, झाले १२८ च्या पार. एका व्हीएमला जागा राखून द्यायची तर बाकीच्यांनाही कुठे बसायचं ते सांगावं लागतं.

प्रत्येक नोडचं वेगळं जमाखर्चाचं पान मांडा. मी साधारण २० ते ३० जीबी प्रत्येक नोडवर होस्टसाठी आणि कॅशसाठी सोडतो. लहान व्हीएमना व्हीसीपीयूगणिक एकेक कोअर देत बसू नका. "नोड १ चे सगळे सीपीयू" एवढंच द्या, आत शेड्युलरला फिरू द्या. मेमरीचा मोडही त्यांना प्रेफर्ड (शक्यतो तिथे, नाहीतर दुसरीकडे) ठेवला तरी चालतो. एकास एक पिनिंग फक्त तुमच्या डेटाबेसला.

आणि दोन गोष्टी लोक विसरतात. एक, क्यूइमूचे स्वतःचे थ्रेड आणि नेटवर्कचे व्हीहोस्ट थ्रेड. त्यांना इम्युलेटरपिनने त्याच नोडवरचे दोन सीपीयू वेगळे द्या, नाहीतर ते व्हीसीपीयूंच्याच कोअरवर घुसतात. दुसरी, तुमचं एनव्हीएमई कार्ड (वेगवान डिस्क) आणि नेटवर्क कार्ड कोणत्या सॉकेटच्या स्लॉटमध्ये आहे ते. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती आणि सेटिंग असलेल्या फोल्डरात) त्या डिव्हाइसच्या फोल्डरात न्यूमा नोडचा आकडा मिळतो. उणे एक आला तर बायोसने सांगितलेलंच नाही असं समजा आणि एलएसटोपोचं चित्र किंवा मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. डेटाबेसची डिस्क नोड १ वर असेल तर डेटाबेसलाच नोड १ वर न्यायचा विचार करा.

---

एपिकवाला

इथे सगळं दोन सॉकेटचं चाललंय म्हणून सांगतो: एएमडी घेणार असाल तर "एक सॉकेट म्हणजे एक नोड" हे डोक्यातून काढा. २०१७ च्या पहिल्या एपिकमध्ये (एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर) एका सॉकेटमध्येच चार चिप आणि चार नोड होते, दोन सॉकेटचा सर्व्हर म्हणजे आठ. २०१९ च्या पिढीपासून मेमरी कंट्रोलर मधल्या एका चिपवर गेले आणि बायोसमध्ये एनपीएस नावाचं सेटिंग आलं. सॉकेटचे १, २ की ४ नोड दाखवायचे ते आपण ठरवतो.

त्याहून महत्त्वाची एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली, कोअरांच्या गटाने मिळून वापरायची मेमरी. २०१९ च्या पिढीत चार-चार कोअरमागे १६ एमबी, २०२१ च्या पिढीत आठ कोअरमागे ३२ एमबी. मी आठ व्हीसीपीयूची व्हीएम आठ कोअरच्या एकाच गटात बसवतो. नोड बरोबर असूनही दोन गटांत विभागली तर कोअरांमधली देवाणघेवाण महाग पडते.

---

शिकाऊ_अभियंता

एक शंका. मायएसक्यूएलमध्ये इंटरलीव्हचा पर्याय असतो, मेमरी सगळ्या नोडवर सारखी वाटायची. मग तोच का नाही वापरायचा? आणि हे सगळं एवढं चांगलं असेल तर प्रत्येक व्हीएम पिन का करू नये?

---

कर्नलकाका

इंटरलीव्ह हा वेगळ्या दुखण्यावरचा उपाय आहे. डेटाबेस थेट यंत्रावर चालतो आणि बफर पूल (डेटाबेसने डेटा ठेवायला घेतलेली रॅम) एका नोडपेक्षा मोठा असतो, तेव्हा एक नोड भरून स्वॅप होतो आणि दुसरा मोकळा राहतो. त्यावर इंटरलीव्ह चालतो: सगळं थोडं थोडं दूर जातं, पण कोणताही नोड ओसंडत नाही. इथे व्हीएम एका नोडात मावतेय. मावणाऱ्या गोष्टीला मुद्दाम अर्धी लांब का ठेवायची?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पिन केलेली व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायची वेळ आली की तिथे तेच नंबर, तीच रचना आणि त्या नोडवर तेवढी जागा लागते. ४० लहान व्हीएम असलेल्या होस्टवर सगळ्यांना पिन केलंत तर एका कोअरवर तिघे भांडतील आणि शेजारचा कोअर रिकामा बसेल. शेड्युलरचं काम हाताने करायचं तर रोज करावं लागेल. ज्या एक-दोन व्हीएमच्या वेळेवर माणसं अवलंबून आहेत, तेवढ्यांसाठीच हे करा.

---

रात्रपाळी

आज पहाटे बिल झालं. ३७ मिनिटं. चार बावन्नला बँकेची फाइल तयार होती. इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं.

कुणाला उपयोग होईल म्हणून काय केलं ते लिहितो. एनव्हीएमई नोड ० वर निघालं, म्हणून डेटाबेस तिथेच ठेवला: व्हीसीपीयू ४ ते २६ सम नंबरांवर एकास एक, इम्युलेटर ० आणि २ वर, मेमरी स्ट्रिक्ट. त्याच्या सोबतीला फक्त रिपोर्टची १६ जीबीची व्हीएम. म्हणजे नोड ० वर ९६ वापरात आणि ३२ सुटे. बाकीच्या सगळ्या, ८० जीबी, नोड १ वर, सीपीयूची मोकळीक ठेवून. स्वॅप थांबला.

एक जीबीची ह्यूजपेजेस (मेमरीची मोठाली पानं) पण करून बघितली. बूटच्या वेळी ८४ मागितली तर कर्नलने दोन्ही नोडवर ४२-४२ वाटली, आणि स्ट्रिक्ट व्हीएम सुरूच होईना. मग सिसएफएसमधून नोड ० वर ८० आणि नोड १ वर शून्य असं दिलं, तेही बूट झाल्या झाल्या, बाकीच्या व्हीएम उठायच्या आत. नंतर दिलं तर सलग जागा मिळत नाही. पण बिलाच्या वेळात त्याने दीड-दोन मिनिटांचाच फरक पडला आणि रीबूटच्या क्रमाची काळजी वाढली, म्हणून सध्या काढून ठेवलंय. वरचे ३७ त्यांच्याशिवायचे आहेत.

महिन्याची कॉपी आता डीडीने डायरेक्ट पर्यायासह करतो, म्हणजे होस्टची कॅश भरत नाही.

एकच गोष्ट राहिली. स्ट्रिक्ट असूनही न्यूमास्टॅटमध्ये डेटाबेसच्या व्हीएमची साधारण ९०० एमबी नोड १ वर दिसतेय. सुरू केल्या केल्या शून्य होती, दोन दिवसांत हळूहळू वाढली.

---

पुणेरी_केव्हीएम

केएसएम चालू आहे का बघा. तो सारखी दिसणारी पानं एकत्र करतो, आणि मूळ स्थितीत नोडची सीमा बघत नाही. तुमच्या व्हीएममधलं एखादं पान नोड १ वरच्या व्हीएममधल्या पानासारखं निघालं की दोघांना मिळून एकच प्रत राहते, आणि ती नोड १ वर असू शकते. मर्ज-ॲक्रॉस-नोड्स नावाची फाइल आहे, तिच्यात शून्य लिहा. त्याआधी केएसएमच्या रन फाइलमध्ये २ लिहून आधी जोडलेली पानं सुटी करावी लागतात, नाहीतर ते शून्य घेतच नाही. सुटी करताना मेमरी वाढेल, तेव्हा नोडनिहाय मोकळी जागा बघून मगच करा.

---

रात्रपाळी

केएसएम चालूच होता. दुपारी २ लिहिलं, मग शून्य, मग परत १. नोड ० चा वापर तीनएक जीबीने वाढला, ३२ सुटे ठेवले होते त्यात सहज बसला. संध्याकाळी पाहिलं तेव्हा नोड १ वर शून्य. पुढचं बिल ११ तारखेला आहे, त्या पहाटेचे आकडे इथेच टाकतो.